हातांवर बसणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं हातांवर बसतात. हे मी काही बोलण्याच्या भरात सांगत नाही. गोठ्यात गाईला कळा सुरू झाल्या की त्या एक बादली पालथी घालतात, तिच्यावर बसतात आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून धरतात. लग्न होऊन मला जेमतेम महिना झाला होता तेव्हा मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, बिचाऱ्यांना थंडी वाजतेय. मी धावत जाऊन शाल आणली. वन्संनी शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घाल त्या गाईच्या अंगावर. मला कशाला?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकसष्ट, उंची गाईच्या खांद्याएवढी, आणि आवाज असा की गोठ्याच्या या टोकाला त्या खाकरल्या तर त्या टोकाची गाय कान टवकारते. आमच्याकडे सव्वीस गायी आहेत. दूध काढणं, डेअरीत पोचवणं, यंत्रं दुरुस्त करणं हे सगळं आमचे हे बघतात. चारापाणी आणि धुणंपुसणं माझ्याकडे. पण गाभण गाईला हात लावायचा तो फक्त वन्संनी. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर त्या म्हणतात, "सव्वीस गायी आणि वर एक धाकटा भाऊ. अजून किती बाळंतपणं करू?"

त्यांच्या अंगात बारा महिने एक करडा कोट असतो. त्याला दोन मोठे खिसे आहेत. डाव्या खिशात गाठ मारलेली एक कापडी पट्टी असते. उजव्या खिशात काय असतं ते मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं, कारण तो कोट त्या स्वतः धुतात, स्वतः वाळत घालतात आणि मी दोरीवरून काढायला गेले तरी "असू दे, असू दे" करत मध्ये येतात. मला वाटायचं, स्वच्छतेचं वेड आहे.

हातांवर बसण्यामागची गोष्ट मला खूप उशिरा कळली, तीही यांच्याकडून. वन्सं तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हा एक गाय अडली. म्हणजे निदान वन्संना वाटलं की अडली. वाट पुरती उघडली नव्हती, गाय आपल्या गतीनं काम करत होती, पण वन्संना तिचं कण्हणं ऐकवेना. दोर बांधला आणि ओढायला सुरुवात केली. आत कुठेतरी फाटलं. गाय संध्याकाळपर्यंत टिकली, वासरू तेवढंही नाही. तेव्हापासून वन्संचा आपल्या हातांवर विश्वास नाही. डोकं शहाणं आहे, हात उतावळे आहेत, असं त्या अगदी गंभीरपणे सांगतात.

आणि म्हणूनच त्यांचं सगळं लक्ष असतं ते गाय अडण्याच्या आधीच्या महिन्यांवर. कालवड वयात आली की डाव्या खिशातली पट्टी बाहेर निघते. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती गुंडाळायची. छातीचा घेर गाठीपर्यंत भरला तर कालवड वळूच्या विचाराला तयार. नाही भरला तर दोन महिने वळूचं नाव काढायचं नाही. मग गाभण गाईच्या बरगड्या. वन्सं बरगडीवरून हात फिरवतात आणि स्वतःच्याच हाताशी ताडून बघतात. मुठीच्या गाठींसारखं टोचलं तर उपाशी, पंजाच्या पाठीसारखं लागलं तर बरोबर, आणि तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर चरबी चढली. चढलेली चरबी आतही साठते आणि वासराची वाट अरुंद करते. रोडावलेल्या गाईला कळा द्यायला दम पुरत नाही. बसून राहिली तर वासराला वळायला वाव मिळत नाही असं त्यांचं पक्कं मत, म्हणून सगळ्या गाभण गायींची रोज पाण्याच्या टाकीपर्यंत वरात.

शिवाय शेवटच्या महिन्यात गायींचा मुख्य चारा संध्याकाळी उशिरा. असं केलं की बहुतेक गायी दिवसाउजेडी वितात, असं वन्संचं म्हणणं. हे सगळं वेड आहे असं मी एकदा गुरांच्या डॉक्टरांना म्हटलं, तर ते म्हणाले, पुस्तकातही असंच दिलंय. वन्सं म्हणाल्या, "पुस्तकाला जरा उशीरच झाला कळायला."

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

आमच्याकडे एक वळू आहे. त्याचं नाव आम्ही जावई ठेवलंय. आयतं खातो, सावलीची जागा अडवतो, आणि सगळे त्याच्याशी जपून बोलतात. त्याची वासरं दणदणीत निघतात, म्हणून तीन-तीन वेळा व्यालेल्या थोराड गायींनाच तो चालतो. कालवडींसाठी डॉक्टर वेगळं, लहान डोक्याची वासरं देणाऱ्या जातीचं बी घेऊन येतात. कालवडींचा वाडा आणि जावयाचा वाडा यांच्यामध्ये एक लोखंडी फाटक आहे, आणि त्याला एक आकडा.

गेल्या वर्षी एका दुपारी मी कालवडींना पाणी पाजलं, फाटकातून बाहेर आले, आणि तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्या शेजारणीनं पडदे कोणत्या रंगाचे लावले हा विषय होता. अर्ध्या तासानं परत येऊन बघते तर फाटक सताड उघडं, आणि जावईबुवा कालवडींमध्ये साळसूदपणे रवंथ करत उभे. शेजारी बुटकी.

बुटकी ही वन्संची. म्हणजे तशा सगळ्याच त्यांच्या, पण बुटकी जास्त. तिची आई आम्ही एका बंद पडलेल्या गोठ्यातून आणली होती, पोट घेऊन आलेली, अंगानं सुटलेली, वळू कोणता तेही माहीत नाही. तिच्या वेळी वन्सं हातांवर बसल्या, उठायचं तेव्हाच उठल्या, काहीही चुकलं नाही, तरी गाय गेली. मागे राहिली ही एवढीशी. वन्संनी तिला बाटलीनं दूध पाजलं, दिवसातून चार वेळा, तीन महिने. तुमचा काही दोष नाही असं डॉक्टरांनी वन्संना तीनदा सांगितलं. वन्संनी एकदाही मनावर घेतलं नाही. बुटकी वाढली, पण बेतानंच. तिच्या छातीचा घेर पट्टीच्या गाठीला चार बोटं कमीच पडायचा.

मी केरसुणी उगारून जावयाला हाकललं, आकडा लावला आणि गप्प बसले. मनात म्हटलं, काही झालंच असेल असं थोडंच आहे! अशा वेळी मन फार समजूतदार असतं.

चार महिन्यांनी वन्सं म्हणाल्या, बुटकी माजावर येत नाही, जरा तपासा. डॉक्टरांनी तपासलं. "गाभण आहे की. चार महिने झाले. कधी भरवलीत?" वन्संनी यांच्याकडे पाहिलं. यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मी दुधाच्या कॅनकडे बघत राहिले, आणि मग सगळं सांगून टाकलं. पडद्यांच्या रंगासकट.

वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतंस. पहिल्या पंधरवड्यात एका इंजेक्शनवर निभावलं असतं." आता ते धोक्याचं होतं, असं डॉक्टरांचंही मत पडलं. कमरेत अरुंद कालवड, पहिलंच वेत आणि पोटात जावयाचं वासरू. काय व्हायचं ते पाच महिन्यांनी होणार होतं, आणि तोवर वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं.

त्या दिवसापासून वन्संनी माझ्याशी थेट बोलणं सोडलं. मी समोर उभी असताना त्या भावाला म्हणायच्या, "तिला सांग, तिकडचं शेण उचलायचंय." हे माझ्याकडे वळून म्हणायचे, "ताई म्हणतेय, शेण…" मी म्हणायचे, "ऐकलं मी." तीन माणसांच्या घरात असा कारभार पाच महिने चालला. जेवण मात्र तिघांचं एकत्र व्हायचं आणि भाजीत मीठ कमी पडलं तर तोही निरोप यांच्यामार्फत यायचा.

बुटकीच्या खाण्याचा वन्संनी कायदाच केला. एक डबा ठरवला. सकाळी एक डबा खुराक, संध्याकाळी एक, आणि सुका चारा. "वासरू मोठं होईल म्हणून तिला उपाशी मारायचं नाही. लहान आहे म्हणून फुगवायचंही नाही. एक मूठसुद्धा जास्त नाही." हे भाषण भावाकडे तोंड करून झालं, पण पोचायचं तिथे पोचलं.

आणि तरीही आठव्या महिन्यात वन्संनी बुटकीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्या ओरडल्याच, "तळहात! तळहात लागतोय हिचा! कोण घालतंय हिला?"

हे पाना घेऊन पंपाखाली वाकले. मी चारा झाडायला लागले. खरं सांगायचं तर मी रोज दुपारी पावाच्या कडा आणि बटाट्याची सालं तिला चारत होते. मला माहीत होतं, चुकीचं आहे. पण ती फाटकाशी येऊन माझ्याकडे असं बघायची की, माझ्यामुळेच अडचणीत आलीये बिचारी, निदान दोन घास तरी सुखानं खाऊ देत, असं वाटायचं. वाईट वाटलं की मला दुसऱ्याला खाऊ घालण्याशिवाय काही सुचतच नाही.

दिवस भरले आणि वर आठवडा गेला. त्यानं वन्संची झोप उडाली, कारण दिवस वर गेले की वासरू आत बसून आणखी वाढतं. एके दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर खिडकीत ती दुधाची बाटली. बुटकी जिच्यानं वाढली तीच, रबरी बोंडाची. दोन वर्षं वरच्या फळीवर धूळ खात होती. वन्संनी ती खाली काढून घासून, उकळून, फडक्यावर पालथी ठेवली होती. वन्संनी आईविना वासराची तयारी करून ठेवली होती.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर बुटकीनं शेपूट उचललं. हे दूध घेऊन डेअरीवर गेलेले. डॉक्टरांना फोन लावला, तर ते दुसऱ्या एका गोठ्यात अडकलेले. म्हणाले, दीड तास तरी लागेल. वन्संनी बादली पालथी घातली. बसल्या. हात मांड्यांखाली गेले.

पाण्याची पिशवी दिसली, फुटली. बुटकी उठत होती, बसत होती, भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. वन्सं घड्याळाकडे बघत होत्या. मी दाराशी उभी होते. जा म्हणाल्या नव्हत्या आणि ये म्हणाल्या नव्हत्या, म्हणून दाराशी. तासाभरानं दोन खूर बाहेर दिसले. तळवे खाली, म्हणजे पुढचे पाय, म्हणजे वासरू सरळ. पण खूर केवढे! माझी मूठ एवढी नसेल. बुटकी जोर लावत होती, खूर दोन बोटं पुढे येत होते आणि परत दोन बोटं आत जात होते. असं बराच वेळ चाललं.

वन्सं हात काढून उठल्या. कोपरापर्यंत साबणानं धुतले, तेल चोळलं आणि हात आत घातला. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असतात.

"नाक आहे. डोकं सरळ आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कपाळावरून पंजा जातोय. चेपून जातोय, पण जातोय. म्हणजे वाट आहे." मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "अगं, इकडे ये."

पाच महिन्यांत पहिल्यांदा अगं.

"मी?"

"मग काय जावयाला बोलावू? दोर घे."

दोन्ही पायांना दोर त्यांनीच बांधले, सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक. टोकं माझ्या हातात दिली. "मी डोकं सांभाळते. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. आधी एक पाय, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरके निघतील. ती थांबली की तू थांब."

मी ओढलं. थांबले. ओढलं. बुटकी आडवी झाली, मीही चिखलात बसले आणि तिच्या मागच्या खुरांच्या दिशेनं, खाली ओढत राहिले. मधल्या वेळेत बुटकीची धाप ऐकू यायची, आणि हात असे शिवशिवायचे! हिसका देऊन एकदाचं मोकळं करावं तिला, असं वाटायचं. तेवीस वर्षांच्या वन्संना काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

"वन्सं, थोडं ओढू? अगदी थोडं?"

"बादली देऊ का बसायला?"

मी थांबले. पुढच्या कळेला नाक आलं, जीभ बाहेर, सुजलेली. मग कपाळ. मग एकदम मान. खांद्यांनी आमचा अर्धा जीव घेतला. आणि सगळं संपलं असं वाटलं तर कंबर अडकली. वन्संनी वासराला मिठी मारून अंगासकट वळवलं, "आता!" म्हणाल्या, आणि ते सगळं ओझं धपकन माझ्या मांडीवर आलं.

ते हलत नव्हतं. वन्संनी नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी घेऊन नाकपुडीत फिरवली. काही नाही. "पाणी. गार." मी आणलं. कानात ओतलं. काही नाही. मी रडायला लागले, अगदी मोठ्यानं, आणि वन्सं म्हणाल्या, "रड नंतर, आधी छाती चोळ." मी चोळत सुटले. आणि मग ते शिंकलं. माझ्या तोंडावरच शिंकलं. डोकं झटकलं, कान फडफडवले.

"गोऱ्हा आहे," वन्सं म्हणाल्या. "अंगापिंडानं बापावर गेलाय मेला." आणि त्यांनी त्या मेल्याच्या ओल्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं.

पण त्यांचं लक्ष बुटकीकडे होतं. ती आडवीच होती. उठवलं तरी उठेना. वन्संनी वासरू ओढत तिच्या तोंडाशी नेलं आणि बाजूला सरल्या. खिडकीतल्या बाटलीकडे त्या बघत नव्हत्या. मीही बघत नव्हते.

तेवढ्यात दारात दोन गाड्या थांबल्या. एकीतून हे, दुसरीतून डॉक्टर. डॉक्टरांनी बुटकीला तपासलं, आत कुठे फाटलंय का बघितलं. "काही नाही. थकलीये फक्त. उठेल." मग बरगड्यांवरून हात फिरवून म्हणाले, "पण ताई, हिला एवढी चढवली कोणी? नशीब म्हणून निभावलं."

वन्सं कंबरेवर हात ठेवून वळल्या. "मीही हेच विचारतेय महिनाभर!"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मी… सकाळी एक ओंजळ द्यायचो, ताई. अशक्त वाटायची."

"मी पावाच्या कडा," मी म्हटलं. "आणि सालं."

मग वन्संनी जे आम्हाला झापलं! आईबापांनी शिकवलं नाही इथपासून सुरुवात. गाय अडते ती गाईच्या चुकीनं नाही, माणसाच्या चुकीनं अडते. कोणी फाटक उघडं टाकतं, कोणी चोरून चारतं. जिवावर बेततं ते मुक्या जनावराच्या. यांना माया करायची असते, पण मायेला माप नको? एक डबा सांगितला म्हणजे एक डबा! डॉक्टरसुद्धा मान खाली घालून ऐकत होते, त्यांनी तर काहीच चारलं नव्हतं.

आणि या भाषणाच्या ऐन भरात बुटकी उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे, लटपटत. वासराला एकदा चाटलं. मग दोन पावलं टाकून ती सरळ वन्संपाशी आली आणि तिनं तोंड त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात घातलं. शोधत नव्हती ती. रोजच्या सवयीनं कपाट उघडावं तसं घातलं. नाकानं एक धक्का दिला, खिशाचं टोक उलटं झालं, आणि खुराकाच्या गोळ्या टपटप जमिनीवर पडल्या.

बुटकी गोळ्या खात होती.

वन्संचा चेहरा लालबुंद झाला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाटलीवर वाढलेली आहे ती. पोट भरलं की नाही, ते मला कधी कळलंच नाही. आई असती तर तिला कळलं असतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हसू तर असं दाटून आलं होतं की पोट दुखायला लागलं, पण मी हसले नाही. त्यांचा तेलानं माखलेला हात धरला. हसले ते हे आणि डॉक्टर, आणि मग मात्र कोणालाच आवरेना, वन्संनासुद्धा.

गोऱ्हा तेवढ्यात धडपडत उभा राहिला, दोनदा तोंडावर पडला, तिसऱ्यांदा भिंतीलाच चोखायला लागला. बुटकीनं त्याला नाकानं ढकलून वळवलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं; तिला स्वतःला तर कोणी असं वळवलंही नव्हतं. त्यानं कास शोधली, आचळ तोंडात धरलं, आणि शेपूट हलायला लागलं.

"अगं," वन्सं म्हणाल्या, "ती बाटली ठेव वर."

मी ती फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली, पार मागे, भिंतीला टेकवून. वळून बघते तर वन्सं बादलीवर बसल्या होत्या. हात मांडीवर होते, उघडे, आणि बुटकी ते चाटत होती.